परसातलं वल्हं

आमच्या परसात एक वल्हं तीन महिने पाण्यात पडून होतं. त्याच्यावर शेवाळ धरलं नाही, किस्से मात्र खूप धरले! मला चारचौघांत बोलता येत नाही, म्हणून लिहून ठेवते.

उन्हाळ्यात भीमा आटली आणि वाळूतून एक बुडालेली जुनी नाव वर आली. फळ्या हातात भुगा झाल्या, वल्हं तेवढं अख्खं निघालं. म्हातारे सखारामबाबा कोळी ते ओल्या गोणपाटात गुंडाळून आमच्या दादांकडे घेऊन आले. दादा म्हणजे माझे वडील, शाळेत सायन्स शिकवतात.

दांड्यावर पाच खाचा होत्या. लहानपणी दर पाडव्याला सखारामबाबांचे वडील त्यांना वल्ह्याशी उभं करून उंचीची खूण करायचे. पुढचा पाडवा यायच्या आत नाव बुडाली, वडीलही गेले.

"मास्तर, खुणा तेवढ्या ऱ्हायल्या पायजेत."

एकदम वाळलं तर लाकूड आक्रसेल, खाचा मिटतील, असं दादा म्हणाले. आधी पाण्यात, मग तुरटीच्या ऊन पाण्यात, शेवटी जवसाचं तेल. "तोवर कुणी बोट लावायचं नाही!"

*

जेऊरची मावशी आली. पत्र्याच्या पन्हळीत भिजणारं लाकूड बघून तिचा जीव कळवळला. तिनं ते उचलून उन्हात उभं केलं! मी शाळेतून आले आणि अशी किंचाळले की शेजारी काठ्या घेऊन धावले.

"साप कुठंय?"

सापाचं राहू द्या, माझा आवाज ऐकूनच सगळे थक्क झाले. पात्याला एक चीर गेली. खाचा वाचल्या.

*

तुरटी आणली आमच्या गल्लीतल्या राजय्या रंगाऱ्याकडून; सुताला रंग पक्का धरावा म्हणून ते ती वापरतात. त्यांनी विचारलं, "रंग कुठला देणार, मास्तर?"

"कुठलाच नाही."

"मग तुरटी वाया की हो!"

तरी रोज सकाळी ते यायचे, पाण्यात कोपर बुडवायचे आणि म्हणायचे, "जाळात अजून दोन लाकडं सारा." एकदा दादांनी थर्मामीटर लावून पाहिला. नंतर गंभीरपणे म्हणाले, "थर्मामीटर बरोबर आहे!"

*

सखारामबाबा दर बाजारच्या दिवशी यायचे. घरच्यांना रामराम करायच्या आधी पन्हळीवर वाकून विचारायचे, "बरं हाय न्हवं?"

एकदा आई स्वयंपाकघरातूनच म्हणाली, "बरं आहे, पण अजून उठायची परवानगी नाही!"

बाबा पोट धरून हसले. मग पन्हळीजवळ बराच वेळ बसून राहिले.

*

शेवटी तेल मुरलं. दादांनी वल्हं भिंतीशी उभं केलं. पाचही खाचा जशाच्या तशा! सगळ्यात वरची सखारामबाबांच्या छातीखाली आली.

बाबांनी तिच्यावरून अंगठा फिरवला. मग वहाणा काढल्या, पागोटं आईच्या हाती दिलं, वल्ह्याला पाठ लावली आणि टाचा जुळवून ताठ उभे राहिले.

"पोरी, खूण कर की."

मी दादांकडे पाहिलं. तीन महिने त्यांनी त्या लाकडाला कुणाला बोट लावू दिलं नव्हतं.

दादांनी खिशातला चाकू काढला, उघडला आणि माझ्या हातात दिला.