फळ्यावरचा पितळी बिल्ला

निकम काकूंचा फोन आला तेव्हा मी सातपूरला, कारखान्यात पहिल्या पाळीवर होतो. "तुमचे उस्ताद गेले," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "अहो, परवाच तर त्यांनी मला पाना दिला..."

निकम उस्ताद लष्करात हेलिकॉप्टर दुरुस्तीसाठी जवान निवडायचे आणि शिकवायचे. नव्वदच्या दशकात घोटीच्या भातखाचरातून मी त्यांच्या तावडीत सापडलो. हँगरमध्ये लाकडी फळा होता, त्यावर प्रत्येक हत्याराची आकृती रंगवलेली. हत्यार घेतलं की त्याच्या जागी आपला पितळी बिल्ला टांगायचा. संध्याकाळी हत्यारं फळ्यावर, बिल्ले खिशात, मगच सुट्टी.

निवडीच्या शेवटच्या आठवड्यात माझा स्क्रू-ड्रायव्हर हरवला. मशीन, म्हणजे हेलिकॉप्टर, सकाळी उडणार होतं. सोबती म्हणाला, बाजारातून दुसरा आणून लाव, कोण बघतंय? घरी बापाने निवड झालीच समजून गावभर पेढे वाटले होते. तासभर मी तोंड शिवून बसलो, मग उस्तादांसमोर उभा राहिलो. "उस्ताद, स्क्रू-ड्रायव्हर मशीनमधी राह्यला असंल. सापडत नाय." त्यांनी माझा यथेच्छ उद्धार केला आणि अख्खं मशीन पुन्हा उघडायला लावलं. तळाच्या पत्र्याखाली सापडला. मी ट्रंक भरायला घेतली, तर निवडीच्या यादीत माझं नाव! "घोटीकर," ते म्हणाले, "हाताला कसब मी शिकवीन. स्वतःची खोट सांगायची हिंमत मात्र घरून आणावी लागते."

आणि हाच माणूस तीन दिवस छातीत दुखत असताना गॅस झालाय म्हणून गप्प बसला. काकूंनी सांगितलं तेव्हा मला दुःखाआधी संताप आला. आम्हाला एवढं झापलंत, आणि स्वतः? पण खरं सांगायचं तर पाना देताना ते छाती चोळत होते. मी विचारलं. "काही नाही रे," म्हणाले. मी पाना घेतला आणि स्कूटरला किक मारली.

तेराव्यानंतर पाना परत करायला नाशिक रोडला गेलो. निवृत्तीनंतर त्यांनी पडवीत तसाच फळा केला होता, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही नियम तोच. पान्याच्या आकृतीवर माझा जुना बिल्ला लटकत होता. तो काढला, पाना टांगला. फळा भरला. त्यांच्या नियमाने आता मला सुट्टी होती.

मी चप्पल घातली, पुन्हा काढली आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिलो.

"काकू," म्हटलं, "त्या दिवशी ते छाती चोळत होते. मी बघितलं होतं."