वाघोलीतल्या फ्लॅटांचा खप

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, म्हणजे मध्ये मध्ये मला थांबायला नको. गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की ते वही घेणार की नुसती पानं उलटून जाणार, हे मला कळतं. सदाशिव पेठेत आमचं वह्या-पुस्तकांचं दुकान आहे, तिथे उभं राहून आलेली अक्कल आहे ही. तर एवढ्या अकलेच्या माणसाने घर कसं घेतलं, ते सांगतो.

तेव्हा पुण्यात आयटीचं वारं नवीन होतं. भाव वाढले की जो तो आयटीवाल्यांकडे बोट दाखवायचा. कांदा महागला तरी आयटीवाले. आणि आमच्या भाड्याच्या दोन खोल्या मालकाला मुलाच्या लग्नासाठी परत हव्या होत्या. दिवाळीच्या आत रिकाम्या करून देतो, असा शब्द मी देऊन बसलो होतो.

माझी बायको वसुधा आधीच्या वर्षापासून कर्वेनगरात घेऊ म्हणत होती. मी म्हटलं, "थांब, भाव पडतील." माझ्या शब्दाला मान देऊन ते दुप्पट झाले. म्हणून मग आम्ही वाघोलीला पोचलो.

तिथे नगर रस्त्याजवळ एक इमारत जवळजवळ तयार होती. विक्रीच्या ऑफिसात भिंतीवर तिचा नकाशा, प्रत्येक फ्लॅटला एक चौकोन, आणि गेलेल्या फ्लॅटवर लाल टिकली. बायका कपाळाला लावतात तीच. तिथे बसणारी पल्लवी यवतमाळची, बोलायला गोड. म्हणाली, "काका, लवकर ठरवा बरं, थोडेच राहिले."

निम्म्याहून जास्त चौकोन मोकळे दिसत होते. आणि 'ही शेवटचीच' असं सांगून मी स्वतः किती कंपासपेट्या खपवल्यात. ती पोर मला शिकवणार?

वसुधाला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट आवडला. "घेऊन टाकू या. स्वयंपाकघराला केवढी खिडकी आहे."

"खिडकी बघून घर घेतात का?" मी म्हटलं. "आधी खप बघायचा."

दुकानदाराचा साधा हिशेब असतो. माल किती पडून आहे आणि आठवड्याला किती उठतोय, एवढं बघायचं. उठत नसेल तर मालक आज ना उद्या नरमतो. बिल्डर म्हणजे तरी कोण, दुकानदारच. त्याचा माल जरा उंच असतो, इतकंच. एकदा खप कळला की त्याला कोपऱ्यात गाठायचं आणि भाव पाडून घ्यायचा.

पण मी सारखा गेलो तर गरजू दिसणार. म्हणून माणसं पाठवायची ठरवली. पहिले माझे मामा, मग वसुधाचा भाऊ सतीश, मग शेजारचे जोगळेकर मास्तर. सगळ्यांना ताकीद दिली, "माझं नाव काढायचं नाही. किती शिल्लक आहेत एवढंच विचारायचं आणि मला सांगायचं."

मामा जाऊन आले. मी फोन करून विचारलं, "किती शिल्लक?"

"चौदा."

फोन ठेवला. आमच्या मामांना फोनवर बोलायचं म्हणजे स्वतःच्या खिशातून शब्द खर्च केल्यासारखं वाटतं.

पुढच्या रविवारी सतीश गेला, ऑफिसातले दोन मित्र घेऊन. संध्याकाळी म्हणाला, "अकरा राहिलेत." त्यानंतर मास्तर आपलं सकाळी फिरायला जाणारं मंडळ घेऊन गेले. आले आणि म्हणाले, "सहा."

माझी झोप उडाली. माल पडून कसला, हातोहात चालला होता. खात्री करायला मामांना पुन्हा पाठवलं, तर ते मामींना, व्याही-विहिणींना आणि त्यांच्या दोन्ही मुलांना घेऊन गेले आणि 'एक' म्हणाले. मी त्या आयटीवाल्यांना काय काय बोललो. रात्रभर अमेरिकेशी बोलतात आणि सकाळी उठून फ्लॅट घेतात, यांना दुसरा उद्योग नाही का? त्यातच बिल्डरने भाव वाढवला. मी वसुधाला ऐटीत म्हटलं, "बघ, खप वाढला की भाव वाढणार, हे मी सांगितलं होतं."

"मग तुमचा अंदाज खरा ठरला म्हणून पेढे वाटू, की घर बघू?" तिने विचारलं.

धावत गेलो. खरंच एकच चौकोन उरला होता, तळमजल्याचा, मागच्या अंगाचा. आयुष्यभराची पुंजी वाढीव भावाने मोजली. घासाघीस करायला तोंडच उघडलं नाही, न जाणो मागून एखादा आयटीवाला यायचा. वसुधा स्वयंपाकघर बघून आली. "खिडकीसमोर पाण्याची टाकी आहे," एवढंच म्हणाली. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

दिवाळीच्या तोंडावर वास्तुशांत केली. मामांनी सगळं घर फिरून बघितलं, खिडकीतून टाकी बघितली आणि म्हणाले, "माझा यापेक्षा बरा होता."

"तुमचा कुठला?"

"चौथ्या मजल्यावरचा. शेतं दिसायची."

"मामा, तुम्ही इथे फ्लॅट घेतलात?"

"घेतोय कशाला? नाव लिहून रोखून ठेवला होता. पैसे पडत नव्हते."

सतीश म्हणाला, "आमचे तिघांचे दुसऱ्या मजल्यावर होते, ओळीने." जोगळेकर मास्तर म्हणाले, "आमच्या अख्ख्या मंडळाने नावं दिली. त्याशिवाय फुकटची कापडी पिशवी देत नव्हते."

"अहो, मग मला सांगितलं का नाही कुणी?"

"तू विचारलंस, किती शिल्लक आहेत," मामा म्हणाले. "होते तेवढे सांगितले."

म्हणजे महिनाभर ज्या आयटीवाल्यांच्या नावाने मी बोटं मोडत होतो, ते हे. एकाचं वय बहात्तर, गुडघ्याला पट्टा.

तेवढ्यात ऑफिसकडून पेढे घेऊन पल्लवी आली आणि दारातच थबकली. "बाप्पा, हे सगळे तुमच्या घरचे होते काय? आमचे साहेब तर म्हणे, आयटीवाल्यांची गर्दी वाढली, भाव वाढवा."

"पण हे परत फिरकले नाहीत, तर टिकल्या काढायच्या ना?" मी म्हटलं.

"मी काढत होती. साहेब म्हणाले, राहू दे, बरं दिसते."

वसुधाने तिच्या हातात प्रसादाची वाटी दिली आणि शांतपणे विचारलं, "मग खरोखर गेले किती?"

पल्लवीने जरा आठवून बघितलं. "सुरुवातीच्या टिकल्या साहेबांच्या नातेवाइकांच्या, काकू. नंतरच्या तुमच्या नातेवाइकांच्या. पैसे भरले ते काकांनी."

मामा शिरा खात होते. जाताना पल्लवी मला बाजूला घेऊन, अगदी मनापासून म्हणाली, "काका, पाडव्याले शेजारच्या बिल्डिंगचं बुकिंग सुरू होते. तुम्ही काही घेऊ नका. नुसते सगळे मिळून चौकशीले या."