गादीच्या खुर्च्या

शिक्षणासमोर सगळे समान असतात. हे वाक्य मी जालन्यात, मस्तगडच्या एका मंगल कार्यालयात, परदेशी शिक्षणाच्या मेळाव्यात ऐकलं. तेव्हा पुढच्या तीन रांगांत गादीच्या खुर्च्या होत्या आणि मी नि माझा बाप मागे, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर.

रांगा दारातच ठरल्या होत्या. रजिस्टर घेऊन बसलेल्या मुलीनं विचारलं, "परदेशी शिक्षणाचा खर्च कोण करणार? स्वतः की योजना?"

बाप अभिमानानं म्हणाला, "योजना. समाजकल्याणची."

तिनं पेनानं मागची बाजू दाखवली.

बाप टेंभुर्णीजवळच्या शाळेत शिपाई होता. निवृत्त झालाय, पण कुठंही गेला तरी आधी घड्याळ बघतो. कार्यक्रम तासभर उशिरा सुरू झाला, तेव्हा त्याला फार वाईट वाटलं.

परदेशी प्रवेशाची एजन्सी चालवणारे जे सर भाषणाला होते, त्यांनी जालन्याच्या मे महिन्यात कोट घातला होता. घाम पुसत ते इंग्लंडच्या हवेबद्दल बोलले. पडद्यावर शेफील्ड आलं. हिरवळीवर हसणारी पोरं, कॉफी पिणारी पोरं, रात्री गाणं ऐकणारी पोरं. एकाच्याही हातात पुस्तक नव्हतं. "जिवंत शहर," सर म्हणाले, "आणि लंडनच्या मानानं एकदम स्वस्त. पोलादाचं शहर." पोलाद जालन्यातही होतं. पण आमच्याकडे त्याचा धूर निघतो, माहितीपत्रक निघत नाही.

शेवटी सर म्हणाले, "काही शंका?"

बाप उठला. "सर, तिथं रूम देताना आडनाव इचारतेत का?"

सभागृह हसलं.

त्यानं गंमत केली नव्हती. मी संभाजीनगरला शिकायला होते, तेव्हा तो माझ्यासोबत खोल्या बघत फिरला होता. खोली रिकामी असायची, आडनाव सांगेपर्यंत. मग मालकाचा भाचा येणार असायचा. त्या शहरात भाचे फार. आम्ही बौद्ध. आजोबांच्या काळात आमचा धर्म बदलला, घरमालकांची चौकशी बदलली नाही.

"काका," सर म्हणाले, "इंग्लंड आहे ते. तिथं फक्त भाडं विचारतात."

पुन्हा हसू. गादीच्या खुर्चीवरची एक बाई शेजारणीला म्हणाली, "फुकट जायला मिळतंय, तरी चौकशा बघा." हळू बोलायची तसदी तिनं घेतली नाही.

बाप खाली बसला नाही. त्यानं पिशवीतून माझं प्रवेशपत्र काढलं. ते ईमेलनं आलं होतं. त्यानं त्याची प्रिंट काढून लॅमिनेशन करून आणली होती. आमच्याकडे कागद खरा की खोटा हे लॅमिनेशनवर ठरतं. "पोरीचं तिथंच झालंय," तो म्हणाला. "म्हणून इचारून राह्यलो."

हसू थांबलं. सरांनी वरचं विद्यापीठाचं नाव वाचलं आणि त्यांचा चेहरा बदलला. मला स्टेजवर बोलावलं. शाल-नारळ तयारच होतं. जालन्यात ते कायम तयार असतं, फक्त माणूस सापडावा लागतो.

सरांनी रजिस्टरमध्ये आमचं नाव, गाव, बापाचं काम बघून घेतलं आणि माइक धरला. "पालकहो, बघा. टेंभुर्णीकडची मुलगी. वडील शिपाई. समाज कोणता, ते मी सांगायला नको. आमच्या मार्गदर्शनाखाली ही जर जाऊ शकते, तर आपली मुलं का नाही?"

टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात बाप वाजवत होता.

सरांनी शाल उघडली, फोटोवाला पुढं सरकला. मी शालीवर हात ठेवला.

"सर, मी तुम्हाला आज पहिल्यांदा बघतेय. फॉर्म मी टेंभुर्णीच्या नेट कॅफेत भरला. मार्गदर्शन लाइट गेल्यावर कॅफेवाल्यानं केलं. म्हणाला, थांब, येईल."

सर माइकवर हात ठेवून पुटपुटले, "अगं, फोटो तर काढू दे. तुझं काय जातंय?"

"माझंच जातंय."

मी खाली उतरले. बाप पिशवी घेऊन माझ्या मागोमाग रस्त्यावर आला.

"शाल बरी व्हती पण," तो म्हणाला.

थोडं पुढं गेल्यावर थांबला. "तो आपल्याला काय म्हणला, ते मला लवकर कळलंच न्हाई. म्या टाळ्या वाजवल्या."

मी त्याच्या हातातली पिशवी घेतली.

मी शेफील्डला जाणार आहे. हिरवळीसाठी नाही, गाण्यांसाठी नाही. ते शहर स्वर्ग आहे असं मला वाटत नाही. इथले लोकही तिथं पोचलेत, आणि जाताना आडनाव विचारायची सवय त्यांनी इथं ठेवलेली नाही. कुणी विचारलं तर मी माझं आडनाव मोठ्यानं सांगेन. खोली मिळाली नाही तर दुसरं दार वाजवेन, आणि पहिल्या दाराबद्दल लिहीन. पण दुसऱ्यांच्या आळशी पोरांना लाज वाटावी म्हणून मी यापुढं कुठल्याही स्टेजवर उभी राहणार नाही. कुणाचं उदाहरण होणार नाही. आणि माझ्या बापाला न कळता टाळ्या वाजवायला लागतील, अशा कुठल्याही कार्यक्रमाला मी जाणार नाही.

माझा शिकायचा विषय माती आहे, मृदाशास्त्र. त्या दिवशी तो कुणी विचारला नाही.