हमीदभाईंचा निळा खडू

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, मराठी भयकथेचा एकमेव प्रामाणिक वाचक कनेरगाव नाक्यावर राहत होता, आणि तो आता हयात नाही.

भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. ती मी स्वतःच बनवतो! अकरा ईबुकं लिहिली, स्वतःच प्रकाशित केली. संपादक मीच, मुद्रितशोधक मीच, कव्हरही माझंच. एका पुस्तकात नायिका तिसऱ्या प्रकरणात मरते आणि सातव्यात चहा करते. पाच-पाच तारे देणाऱ्या माझ्या साडू-मेहुण्यांना ते दिसलं नाही. दिसलं फक्त हमीदभाईंना.

हमीदभाई नाक्यावरचे टेलर. प्रत्येक पुस्तकाची प्रिंट मी आधी त्यांच्या कटिंगच्या टेबलावर ठेवायचो. जे वाक्य खोटं वाटेल, ते कापडावर खुणा करायच्या निळ्या खडूनं खोडायचे. "लेखक, हर पानावर वारा काहून? तुमचं भूत कपडे वाळवून राहिलं का?"

मागच्या उन्हाळ्यात ते आजारी पडले. एका सकाळी निरोप आला, येऊन जा. मी अकराव्या पुस्तकाच्या कव्हरवर भुताचे डोळे लाल करत बसलो होतो. ते आटोपून संध्याकाळी पोचलो... उशीर झाला होता.

मग बारावं पुस्तक तीन आठवड्यांत लिहिलं (दर्जा कळलाच असेल). त्यात एक टेलर मित्र मरतो. लिहिताना मी रडलोसुद्धा. सवयीनं प्रिंट घेऊन गेलो. हमीदभाईंच्या पत्नी, शमीमभाभी, यांनी बंद दुकान उघडून दिलं. मी कागद टेबलावर ठेवले, त्यांनी कुलूप लावलं.

हमीदभाईंच्या चाळिसाव्या दिवसाचा विधी झाल्यावर, भर दुपारी, गिऱ्हाइकांची कापडं परत करायला आम्ही दोघांनी दुकान उघडलं. टेबलावर धूळ, कागदांवर धूळ. पानं चाळली. वाऱ्याची सगळी वाक्यं शाबूत होती. एकच ओळ निळ्या खडूनं खोडलेली.

ठेवताना ती ओळ स्वच्छ होती. दुसरी किल्ली नाही. भाभींना मराठी वाचता येत नाही. पुष्कळ डोकं खाजवलं... पुस्तक तसंच पडून आहे.

काय खोडलंय, भाभींनी विचारलं. मी वाचून दाखवलं : 'शेवटच्या दिवशी मी त्याचा हात धरून बसलो होतो.'

भाभींच्या तोंडून निघून गेलं, "भाईसाब, ते तर दिवसभर दरवाज्याकडंच बघून राहिले होते."