नदी वरून ओढत नाही

पुण्याहून निघालो तेव्हा माझ्या पिशवीत चार बरण्या, एक ताणकाटा, रेशमी दोऱ्याचं रीळ आणि माझ्या मार्गदर्शक सरांनी परदेशातून आणलेल्या पारदर्शक कागदाची गुंडाळी होती. कागद कसला, प्लॅस्टिकचा पापुद्राच. तिकडच्या बायका उरलंसुरलं अन्न झाकायला वापरतात म्हणे. भांड्यावर ओढला की आपोआप चिकटतो, ना डिंक ना दोरा. सर येणाऱ्या-जाणाऱ्याला तो काचेच्या पेल्यावर चिकटवून दाखवत आणि म्हणत, "मासा आणि हा कागद, दोघांची जात एक." माझा सगळा प्रबंध या एका वाक्यावर उभा होता. दोन वर्षं तो नुसताच उभा होता, पुढे पाऊल टाकत नव्हता.

सरांनी तिकडे समुद्रकाठच्या खडकांना चिकटणाऱ्या माशांवर काम केलं होतं. माझ्या वाट्याला आला गोड्या पाण्यातला मळ्या. बोटभर लांब, करड्या रंगाचा, दिसायला अगदी गरीब. पण त्याच्या हनुवटीखाली एक गोल चकती असते आणि तिच्या जोरावर तो वाहत्या पाण्यात दगडाला धरून राहतो. माझं काम सोपं होतं. माशाच्या पोटाखालून दोरा बांधायचा, त्याला काचेवर चिकटू द्यायचं, ताणकाट्याने सरळ वर ओढायचं आणि किती जोर लागला ते लिहायचं. मासा कधी पिकल्या बोरासारखा सुटे, तर कधी दोरा तुटला तरी सुटत नसे. आकड्याला आकडा लागत नव्हता. मार्चला शिष्यवृत्ती संपत होती आणि तोवर काही हाती आलं नाही, तर मला गावी जाऊन भावाच्या किराणा दुकानात बसावं लागणार होतं.

अशात वाघमारे गुरुजींचं पत्र आलं. कयाधू नदीकाठच्या एका खेड्यात ते शिक्षक होते. सरांचा वर्तमानपत्रातला लेख वाचून त्यांनी लिहिलं होतं की, आमच्याकडे मळ्या असा धरतो की मासा उचलावा तर दगड हलतो. सरांना वाटलं, हा काही निराळाच मासा असणार. मला वाटलं, चला, निदान आठ दिवस त्या ताणकाट्यापासून सुटका. पण ताणकाटाही बरोबर न्यावाच लागला.

मनमाडला गाडी बदलून मीटरगेजने नांदेड आणि तिथून एस.टी.ने वारंगा फाटा. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यात होती. दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना टाळकी (ज्वारी) कमरेच्या वर आली होती आणि ती पाहून बसमधले लोक उगाचच एकमेकांकडे बघून हसत होते. फाट्यावर उतरलो तर समोर चहाची टपरी. टपरीवाल्या चाचांनी माझ्या बरण्यांकडे बघून विचारलं, "अचार बेचने आये क्या साब?"

"नाही, मासे न्यायला आलोय."

"पुने में मच्छी नै मिलती?" असं म्हणून त्यांनी चहा पुढे केला आणि मला वेड्यात काढलं. त्यांचं फारसं चुकलं नव्हतं.

गुरुजी सायकल घेऊन आले. तिशीचे, सडपातळ, पांढरा शुभ्र सदरा. सायकलला माझी पिशवी अडकवून आम्ही गावापर्यंत चालत गेलो. वाटेत त्यांनी मला मळ्याबद्दल इतके प्रश्न विचारले की माझ्या परीक्षकांनीही नंतर विचारले नाहीत. घराच्या ओसरीत बाबासाहेबांची तसबीर, तिच्याखाली पुस्तकांची फळी. त्यांच्या पत्नीने भाकरी आणि येसराची आमटी (भाजलेल्या धान्याचं मसालेदार पीठ लावून केलेली) वाढली. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या आणि चौथीला लाजलो.

सकाळी गुरुजींनी मला सोजराबाईच्या हवाली केलं आणि ते शाळेत गेले. सोजराबाई भोयाची बाई, पन्नाशीची. नवरा गेलेला, लेकी नांदायला गेलेल्या. गावाखालच्या डोहात ती जाळ्याशिवाय, नुसत्या हाताने मासे धरायची आणि बाजारच्या दिवशी विकायची. साडीचा कासोटा मारून ती गुडघाभर पाण्यात उतरली, वाकली, एक दगड थोडा उचलला आणि त्याच्याखालून मळ्या काढून माझ्या बरणीत टाकला. मग दगड होता तसाच परत ठेवला, खालची बाजू खाली.

"एवढा नीट कशाला ठेवता मावशी?" मी विचारलं.

"शेवाळ वरल्या अंगाला असतंय. बुडाला अंडी असत्यात, किडं असत्यात. पालथा टाकला तं समदी मरत्यात. मंग पुढच्या साली काय खावं?"

दुपारपर्यंत तिने बारा मासे दिले. मी चारही बरण्यांची तोंडं सरांच्या कागदाने घट्ट लावली आणि त्या गुरुजींच्या ओसरीवर मांडल्या. कागद काचेला असा बसला की मलाच कौतुक वाटलं. चहा पिऊन, टिपणं काढून येतो तर बारापैकी दहा मासे उलटे तरंगत होते. हवेला जागाच ठेवली नव्हती! एम.एस्सी.ला प्राणिशास्त्रात पहिला आलेला माणूस मी. शाळा सुटल्यावर गुरुजी आले, त्यांनी बरण्या पाहिल्या आणि उरलेले दोन मासे हळूच बादलीतल्या पाण्यात सोडले. ओरडले असते त्यापेक्षा ते मला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी हे सोजराबाईला सांगावं लागलं. तिने कागदाचा तुकडा हातात घेतला, ओल्या दगडावर दाबला. तो निसटून पाण्यात पडला.

"हे काहून चिटकना?"

"ओल्या, खरबरीत वस्तूला नाही चिकटत. गुळगुळीत लागतं."

"मंग माज्या मासळीसंगं याची बराबरी काहून करून राहिले तुमी?" ती म्हणाली. "ही तं खरबरीतच धरती."

दोन वर्षांत हे मला सुचलं नव्हतं. मी काचेवर मोजत होतो, कारण काचेतून चकती दिसते. नदीत काच नसते हे कळायला मला कयाधूपर्यंत यावं लागलं.

तरी मी हट्टाने ताणकाटा काढला. उथळ पाण्यात एका सपाट दगडावर मळ्या धरून बसला होता. मी दोरा अडकवून सरळ वर ओढलं. सोजराबाई कमरेवर हात ठेवून बघत राहिली आणि मग तोंडाला पदर लावून हसायला लागली.

"अवं साहेब, नदी कदी वरून ओढती का? नदी मागं रेटती."

तिने मला वाकवलं आणि माझा हात धरून माशावर ठेवला. मळ्याचं तोंड प्रवाहाकडे होतं. "आता शेपटीकडं ओढा." मी ओढलं. मासा सुटेना. दगड खरंच हलला. "आता शेपटीकडून डोस्क्याकडं सारा." मी अंगठ्याने हळूच पुढे सारलं आणि मासा लोण्यातून सुरी निघावी तसा माझ्या हातात आला.

"पानी जितकं मागं रेटतं, तितकी ती घट धरती. पुढं जायचं आसलं की सोताच सोडती. न्हाईतं खाईल काय, फिरंल कुठं?"

थंडगार पाण्यात मी तसाच उभा राहिलो. दिशा! मी जोर मोजत होतो आणि दिशा विसरलो होतो. माझे सगळे वेडेवाकडे आकडे एका क्षणात ओळीने उभे राहिले. मला इतका आनंद झाला की मी त्या बाईच्या पाया पडलो. ती दचकून मागे सरली.

त्या संध्याकाळी तिने माशाचं कालवण केलं आणि गुरुजींना आणि मला जेवायला बोलावलं. जेवण झाल्यावर ती गुरुजींकडे बघू लागली. गुरुजींनी घसा खाकरला. गोष्ट अशी होती की नदीचा तो पट्टा एका ठेकेदाराने मासेमारीसाठी घेतला होता आणि हाताने मासे धरणाऱ्या बायकांनाही तो पाण्यात उतरू देईना. सोजराबाईने कळमनुरीच्या तहशिलीत अर्ज केला होता आणि निकाल लागेपर्यंतच तिला डोहात उतरायची मुभा होती. मार्चमध्ये सुनावणी होती. तिथल्या कारकुनाने सांगितलं होतं, कुणा मोठ्या माणसाचं लेखी आण.

"तुमच्या कॉलेजच्या शिक्क्यानं एक पत्र मिळालं तर वजन पडेल," गुरुजी म्हणाले. "ही बाई हाताने मासे धरते, डोहाची नासाडी करत नाही, तिच्याकडून शास्त्राला माहिती मिळाली, एवढंच."

"देतो की!" मी म्हणालो. "पत्र काय, प्रबंधात नाव घालतो मावशींचं."

"नाव राहू द्या वो," सोजराबाई म्हणाली. "डोह राहू द्या माजा."

निघताना तिने रिकाम्या तेलाच्या डब्यात मासे दिले, डब्याच्या तोंडाला ओलं फडकं आणि आत नदीतले चार दगड. धरायला काही नसलं की मळ्या घाबरून मरतो, असं तिचं म्हणणं. "फाट्या-फाट्यावर पानी बदला. आन दगडं माघारी आना बरं का. पत्र घेऊन यालच तवा."

एस.टी.चा कंडक्टर डबा उचलून वैतागला. "काय भरलं हो यात?"

"दगड."

"पुण्यात दगडाला तोटा हाय व्हय?" बसमधले सगळे हसले. मीही हसलो. परतीच्या वाटेवर मी फार खूश होतो, हे कबूल केलं पाहिजे. पुण्याला पोचलो तेव्हा एक सोडून सगळे मासे जिवंत होते.

महिनाभरात आकडे जमले. मागे ओढलं की पकड वाढते, पुढे सारलं की सुटते, आणि काचेपेक्षा खरबरीत दगडावर ती जास्त. सर म्हणाले, "मी पहिल्यापासून हेच सांगत होतो." मी पत्र टाइप करून त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं. सर वाईट माणूस नव्हते, हीच तर अडचण आहे.

"सही करतो," ते म्हणाले. "पण दिशेची कल्पना या बाईची आहे असं इथे लिहिलंयस. मग प्रबंधातही तेच लिहावं लागेल. परीक्षक विचारतील, तुझं काय? ठरव आणि सांग."

मी पत्र परत घेतलं. ते वाक्य तेवढं गाळून दुसरं टाइप करायला दहा मिनिटं लागली असती. पण मनात चोर शिरला होता. तिचं नाव कुठेच नको, तहशिलीच्या कागदावरही नको, असं मला वाटू लागलं. आज करू, उद्या करू, असं म्हणत मी मार्च जाऊ दिला.

एप्रिलमध्ये गुरुजींचं कार्ड आलं. "सुनावणी झाली. अर्ज फेटाळला. आपलं पत्र पोस्टात गहाळ झालं असावं. सोजराबाई सध्या विहिरीच्या कामावर माती उपसते. दगड केव्हा आणणार, असं विचारते." गुरुजींनी मनात दुसरी शंकाही येऊ दिली नव्हती. मी उत्तर लिहिलं नाही.

तोंडी परीक्षेला परीक्षक फार प्रसन्न होते. "वर ओढण्याऐवजी मागे ओढून बघावं, हे तुम्हाला सुचलं कसं?" त्यांनी विचारलं. सर खिडकीबाहेर बघत होते.

"निरीक्षणातून," मी म्हणालो.

लोक विचारतात, मराठवाड्यात काय पाहिलंत? मी टाळकीची शेतं सांगतो, येसराची आमटी सांगतो, फाट्यावरच्या चाचांचा किस्सा सांगतो. एवढ्यावर लोक खूश होतात. मी पुन्हा तिकडे गेलो नाही. जाण्यासारखं काम निघालं नाही, असं मी म्हणतो.

ते चार दगड अजून माझ्याकडे आहेत. तीन प्रयोगशाळेच्या दाराला अडण म्हणून लावले आहेत आणि एक माझ्या टेबलावर, छापून आलेल्या निबंधाच्या प्रतींवर ठेवलेला असतो. शेवाळ कधीच वाळून झडून गेलं. परवा तो हातात घेऊन मी बराच वेळ फिरवून पाहिला. त्याची खालची बाजू कोणती, हे आता मला सांगता येत नाही.