क्रुसाखालचा माठ

गिरण्यांचा संप फिसकटला, नवऱ्याची नोकरी गेली आणि आम्ही लालबाग सोडून अंधेरीच्या गावठाणात एका ख्रिस्ती मावशींकडे भाड्याने आलो. मी कारखान्यात दुसऱ्या पाळीला जायची, म्हणून दुपारपर्यंत घरी. समोर तिठ्यावर दगडी क्रूस होता आणि त्याच्या ओट्यावर पाण्याचा माठ. तो मावशींचा नवरा रोज विहिरीवरून भरायचा. हमाल, भंगारवाले, नमाजाला निघालेले, सगळे तिथे पाणी प्यायचे. लांब दांड्याचा पेला झाकणावर उपडा ठेवायचा आणि त्याचा दांडा आपल्या घराकडे. दुसऱ्या कुणी कसाही ठेवला की म्हातारा उठून तो वळवायचा. भारी हट्टी!

किती हट्टी? एकुलती पोर तापाने गेली, तेव्हापासून तो देवळाची पायरी चढला नव्हता. तिथे चर्चला देऊळच म्हणतात. शेवटच्या दुखण्यात फादर पवित्र तेल घेऊन आले, तर याने तोंड भिंतीकडे फिरवलं. तसाच गेला.

मावशी रडत नव्हत्या, नुसत्या घाबरलेल्या होत्या. "विश्वासच टाकला गो त्याने," मला म्हणायच्या. "नुसत्या पाण्यावर त्याला स्वर्गाच्या दारातून कोण आत घेणार?"

मी म्हटलं, "काय बोलता मावशी! तहानलेल्याला पाणी पाजलं, याच्याहून मोठं पुण्य कुठलं?" मी पडले मालवणची. आमच्याकडे एवढ्यावर विषय संपतो. त्यांच्याकडे संपत नव्हता.

शेजारी रत्नागिरीकडचे एक मुसलमान चाचा राहायचे. जहाजावरून निवृत्त झालेले, गुडघे कामातून गेलेले, पण म्हाताऱ्याचे जिगरी दोस्त. ते काठी टेकत आले आणि पायरीवर बसले. "भाबी, माणूस मेला की त्याची सगळी कामं थांबतात. पण त्याने सोडलेलं पाणी लोक पितात ना, तोवर त्याचा सवाब, त्याचं पुण्य, त्याला पोचत राहतो."

मावशींनी विचारलं, "आणि विश्वासच नसला तर?"

चाचांनी काठीने जमीन उकरली. मग म्हणाले, "आमच्यातही आधी ईमान, मग अमल, म्हणजे कर्म. त्याचं काय झालं, ते वरच्यालाच माहीत. खोटं कशाला सांगू?"

मला दोघांचाही राग आला. धड एक शब्द धीराचा बोलवत नाही कुणाला!

त्या गडबडीत माठाचं माझ्या तर लक्षातच राहिलं नव्हतं. एकदा बाजारातून येताना घसा सुकला म्हणून मी ओट्याशी गेले. माठ काठोकाठ भरलेला. पाणी गारेगार. पेला उपडा, दांडा मावशींच्या घराकडे. मला वाटलं, मावशीच भरत असतील. त्या म्हणाल्या, "मना वाटलं, चाचा कुणाला तरी सांगून भरून घेतात." चाचांनी कानाला हात लावला. "दान गुपचूप करायचं असतं, म्हणून मी विचारलं नाही. मला वाटलं, तुम्हीच." मावशींनाही तसंच शिकवलेलं, की उजव्या हाताचं डाव्याला कळू द्यायचं नाही. म्हणून सगळे आपापल्या जागी दुसरा भरतोय असं समजून गप्प!

मी विहिरीवर जाऊन पाहिलं. भर दुपार, चिटपाखरू नाही. दोर खडखडीत कोरडा. आमच्या गावात या वेळेला एकट्या बाईला विहिरीवर जाऊ देत नाहीत, ते आठवलं. मी पळत घरी आले आणि दोघांना सांगितलं.

चाचांचे डोळे भरले. "बघा भाबी, त्याचं पाणी चालू आहे."

मावशी मात्र पांढऱ्याफटक पडल्या. "चालू आहे म्हणजे त्याला अजून आत घेतलं नाही. बाहेरच राबतोय तो."

दुसऱ्या दिवशी उजाडताच त्या स्वतः कळशी घेऊन निघाल्या. मी घेऊ म्हटलं, तर दिली नाही. धापा टाकत माठ भरला, पेला ठेवला, दांडा घराकडे वळवला आणि क्रुसाकडे न बघता म्हणाल्या, "आता तू बस. मी आहे."

त्या दिवसापासून माठात त्यांनी ओतलं तेवढंच पाणी असायचं. दुपारपर्यंत तळ दिसायचा. रिकामा माठ बघून मावशी हसत-रडत माझ्या गळ्यात पडल्या. "सुटला गो, सुटला!"

पावसाळा सरला. चाचा मुलाकडे गावी गेले. मावशी खंगत चालल्या, पण माठ सोडेनात. एकदा मी त्यांचे पाय चेपत होते, तर म्हणाल्या, "त्याला विश्वास नव्हता, पण पाणी होतं. मी जन्मभर जपमाळ ओढली, पण तो मरेपर्यंत कुणाला पेलाभर पाणी दिलं नाही. हे थोडे दिवस मोजतील का गो?"

"मोजतील नाहीतर काय!" मी ठणकावून सांगितलं. मला काय ठाऊक होतं?

त्या गेल्या. मूठमाती देऊन आम्ही परतलो, त्यांच्या दाराला कुलूप लावलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी कळशी भरून ओट्याशी गेले. माठ कोरडा असणार हे धरूनच चालले होते, कारण मावशी अंथरुणाला खिळल्यापासून त्याला कुणी हात लावला नव्हता. झाकण पेल्यासकट बाजूला सरकवलं आणि आत न बघताच कळशी उपडी केली.

पाणी काठावरून भसकन माझ्या पावलांवर आलं. गारेगार.

पेल्याचा दांडा मावशींच्या कुलूपबंद दाराकडे होता. मी त्यांना कधी एकेरीत हाक मारली नव्हती. "मावशी, बस गं आता," मी म्हटलं, "उद्यापासून मी भरते." भर उन्हात माझे दात वाजत होते.