वसंतअण्णांची परात

अण्णा गेल्याचं मला कॉलेजच्या लॅबमध्ये कळलं. बाबा तारिहाळच्या कारखान्यातून फोनवर बोलत होते, मागे यंत्रांचा आवाज होता, आणि "वसंतअण्णा गेले" एवढंच मला नीट ऐकू आलं. त्याला आता महिना होत आला. त्यांच्याविषयी लिहिण्याइतकी मी त्यांची कोण, असं अजूनही वाटतं... पण जे मला ठाऊक आहे ते दुसरं कुणी लिहिणार नाही, म्हणून लिहिते.

अण्णांचं दुर्गदबैलच्या बाजारात कापडाचं दुकान होतं. ते मुलाच्या हवाली केल्यावर अण्णा आमच्या समाजाच्या कार्यालयातली भांड्यांची खोली सांभाळायचे. लग्नाला, बारशाला तिथून भांडी न्यायची आमच्याकडे पद्धत आहे. बहुतेक भांडी कुणी ना कुणी आपल्या गेलेल्या माणसाच्या नावानं दिलेली, काठावर नाव कोरलेलं. भांडं देताना अण्णा त्यावर टिचकी मारायचे आणि ते नाव मोठ्यानं वाचायचे. "तुळसाबाईंची कळशी आहे. सांभाळून न्या. जोपान, जपून." नाव वाचल्याशिवाय भांडं उंबऱ्याबाहेर जायचं नाही. बाकी कारभार मात्र विस्कळीत. कोणतं भांडं कुणाकडं गेलं ते त्यांना आठवायचं नाही, आणि एकदा तर हरवलेली परात त्यांच्याच घरी गच्चीवर सांडग्यांसकट सापडली.

म्हणून बाबांनी मला पुढं केलं. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळं मला कॉम्प्युटरमधलं सगळं येतं असं बाबांना वाटतं. मला तेव्हा जेमतेम एक टेबल करता येत होतं. तेच केलं: भांडं, त्याचं वजन, कुणाच्या नावाचं. अण्णा शेजारी स्टुलावर बसून बघायचे. "रेखव्वा, माझा चष्मा कुठं ठेवलाय तेही ह्यात घाल की," म्हणायचे.

त्याच सुमारास कमिटीनं झिजलेली पितळी भांडी मोडीत घालून स्टीलची घ्यायचं ठरवलं. त्यांत अण्णांच्या पत्नीच्या, इंदूअक्कांच्या नावाचं पातेलं होतं. बूड पातळ होऊन गळत होतं, तरी अण्णा ते देईनात. कल्हईवाला येणार आहे, आज अमावास्या आहे, रोज नवं कारण. हिशेबातून भांडं काढणं किती सोपं आहे हे दाखवावं म्हणून मी त्यांच्यासमोर पातेल्याची ओळ पुसली. ओळ गेली आणि तिच्याबरोबर नावही गेलं.

"पातेलं गेलं, आयतु, झालं, जुनंच होतं. पण इंदू कुठं गेली ग?" अण्णांनी विचारलं.

मी घाईनं ती ओळ परत भरली. उणकलला घरी जाताना बसमध्ये तेच डोक्यात होतं, आणि मग मॅडमनी वर्गात शिकवलेलं हळूहळू उमगत गेलं. माणसं एका टेबलात हवीत, भांडी दुसऱ्यात. प्रत्येक माणसाला त्याचा एकट्याचा क्रमांक, ती प्रायमरी की. नुसत्या नावावर भागत नाही, आमच्यात आजोबांचं नाव नातवाला ठेवतात, एका घरात दोन शंकर निघतात. भांड्यालाही स्वतःचा क्रमांक, आणि त्याच्या ओळीत नावाऐवजी माणसाचा क्रमांक, ती फॉरेन की. भांडं कुणाचं, एवढंच ती सांगते. परीक्षेसाठी मी हे पाठ केलं होतं... कळलं मात्र अण्णांच्या प्रश्नानं.

पुढच्या रविवारी मी तशी दोन टेबलं करून पुन्हा पातेलं पुसून दाखवलं. माणसांच्या टेबलात इंदूअक्का जिथल्या तिथं होत्या. मग अण्णाच म्हणाले, आता तिला पुसून बघ. मी भीत भीत बघितलं. अक्कांच्या नावाची एक कळशीही होती, आणि ती त्यांच्या क्रमांकाकडं बोट दाखवत असल्यामुळं कॉम्प्युटरनं साफ नकार दिला. अण्णा मोकळं हसले.

"इंदूसारखाच आहे की हा. एकदा नाही म्हटलं की नाही."

त्याच आठवड्यात अण्णा ते पातेलं स्वतः रिक्षात घालून मोडीला घेऊन गेले. येताना स्टीलचं आणलं, त्यावर तेच नाव कोरून. मी ते भरलं. भांड्याचा क्रमांक नवा, माणसाचा जुनाच.

परवा अण्णांच्या मुलानं त्यांच्या नावानं परात आणून दिली. मी नोंद करायला बसले, पण माणसांच्या त्या टेबलात सगळे गेलेलेच आहेत, तिथं अण्णांना घालायला मन होईना. म्हणून आधी परात भरली आणि तिच्यापुढं पुढचा येणारा क्रमांक टाकला. कॉम्प्युटरनं घेतलं नाही. या क्रमांकाचा माणूसच नाही, म्हणे. नियम माझाच, तरी मी पुन्हा करून बघितलं... शेवटी माणसांचं टेबल उघडलं आणि अण्णांचं नाव लिहिलं. मग परातही त्यानं लगेच घेतली.

खोलीत त्यांचं स्टूल अजून तिथंच आहे. रविवारी एक काकू नातवाच्या बारशासाठी परात न्यायला आल्या. मी परात त्यांच्या हातात दिली, पण त्या निघेनात, उंबऱ्याशी उभ्याच राहिल्या. नाव ऐकल्याशिवाय भांडं न्यायची इथं कुणालाच सवय नाही. मी परातीवर टिचकी मारली. आवाज खणखणीत आला.

"वसंतअण्णांची आहे," मी म्हटलं. "जोपान."